फटफटीची उडी आणि मातीची वाट

फटफटी आपण रोज पाहतो. दूधवाला तिच्यावर दुधाचे कॅन लादून नेतो. नवराबायको बाजाराला जातात. पण शर्यतीची फटफटी निराळी असते. तिला दिवा नसतो, आरसा नसतो. तिच्या टायरला खोल खाचा असतात. ती सडकेवर चालवायची नसतेच. ती मातीत पळते आणि उड्या मारते.

युरोपात आणि अमेरिकेत रानावनात, डोंगरउतारावर अशा शर्यती पूर्वीपासून होत. त्यांना मोटोक्रॉस म्हणतात. बघणाऱ्याची मात्र पंचाईत होई. एका जागी उभे राहिले तर गाड्या क्षणभर दिसत, मग धुळीत नाहीशा होत. सन १९७२ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात एक युक्ती केली. तेथे कोलिझियम नावाचे मोठे क्रीडांगण आहे. त्यात माती आणून टाकली, उंचवटे बांधले, आणि रानच शहरात आणले! लोकांनी बाकावर बसून सगळी शर्यत पाहिली. पहिला आला मार्टी ट्राइप्स. त्याचे वय होते अवघे १६. या खेळाला पुढे सुपरक्रॉस हे नाव पडले.

आता ही वाट कशी करतात ते पाहू. आधी मैदानावर प्लास्टिक अंथरतात, त्यावर लाकडी फळ्या. मग शेकडो ट्रक माती येते. बुलडोझर ती माती रचतात. जागा थोडी, म्हणून वाट वळत वळत जाते. लांब सरळ पल्ला कोठेच मिळत नाही. वळण संपते न संपते तोच समोर उंचवटा येतो.

एका ठिकाणी तीन उंचवटे ओळीने असतात. पहिल्यावरून उडायचे आणि तिसऱ्याच्या पलीकडच्या उतारावर उतरायचे. मधले अंतर साठ-सत्तर फूट असते. दुसऱ्या ठिकाणी लहान उंचवट्यांची रांग असते. ती आपल्या उसाच्या शेतातल्या सरी-वरंब्यासारखी दिसते. फरक एवढाच की हे वरंबे जवळजवळ कमरेइतके उंच असतात. स्वार त्यांच्या माथ्या-माथ्यावरून गाडी नेतो. चाक सरीत पडले की तो गेलाच.

अशा वाटेवर कोणते इंजिन चांगले? येथे थोडे इंजिनाच्या पोटात शिरावे लागेल.

जुनी लुना आठवते ना? तिच्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावे लागे, आणि मागून निळसर धूर निघे. ते टू-स्ट्रोक इंजिन. त्यात दट्ट्या एकदा वर जातो, एकदा खाली येतो, तेवढ्यात एक भडका होतो. म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला, इंजिनातल्या चाकाच्या बरे का, एक भडका. दुसरे फोर-स्ट्रोक. आपल्या विहिरीवरचे डिझेल इंजिन बहुधा याच जातीचे. त्यात दट्ट्याच्या चार खेपा होतात. एक ओढण्याची, एक दाबण्याची, एक भडक्याची, एक धूर बाहेर टाकण्याची. म्हणजे दोन फेऱ्यांना एक भडका.

यावरून टू-स्ट्रोकच सरस वाटेल. ते हलके असते, त्यात भाग थोडे असतात, दुरुस्ती स्वस्त पडते. सुपरक्रॉसमध्ये पहिली पंचवीस वर्षे त्याचेच राज्य होते. पण त्याच्यात एक खोड आहे. शर्यतीचे टू-स्ट्रोक इंजिन कमी फेऱ्यांवर मलूल असते. फेरे वाढले की सगळा जोर एकदम येतो. एखादा आडमुठा खोंड असतो पाहा, आधी जागचा हलत नाही आणि मग एकाएकी उधळतो, तसे.

आता हा खोंड त्या वळणावर आणा. वळण घेताना गाडी हळू होते. पुढे लगेच तिहेरी उडी. मूठ पिळली आणि जोर आलाच नाही, तर साठ फुटांची उडी पन्नास फुटांतच संपते. गाडी तिसऱ्या उंचवट्याच्या अलीकडच्या अंगावर आदळते. मनगट मोडते, पाठीचा मणका दबतो. आणि जोर एकदम आला, तर मागचे चाक जागच्या जागी फिरते आणि मातीच उडवते. म्हणून स्वाराला क्लचवर बोट ठेवून इंजिन सतत तापते-गाजते ठेवावे लागे. जो हे साधी तो पुढे जाई.

फोर-स्ट्रोकचे तसे नाही. तो कसलेला बैल. कमी फेऱ्यांवरही एकसारखा ओढतो, त्यामुळे चाक मातीला धरून राहते. मूठ सोडली की इंजिनच गाडीला थोडे आवरते, ते वळणावर उपयोगी पडते. तोटा एवढाच की तो जड, आणि बिघडला की खर्चही मोठा.

शर्यतीच्या नियमात टू-स्ट्रोकला २५० सीसीची मर्यादा होती. सीसी म्हणजे दट्ट्या ज्या पोकळीत फिरतो तिचे माप. भडके निम्मे होतात म्हणून फोर-स्ट्रोकला याहून पुष्कळ मोठे माप दिले होते. तरी कोणी ते आणीना. जड गाडी कोण उडवणार?

यामाहा कंपनीने ती आणली. स्वार होता डग हेन्री. १९९५ साली एका मोठ्या उडीवरून पडून त्याचा मणका मोडला होता. तरी तो परत गाडीवर बसला. १९९७ साली लास वेगास शहरात तो ४०० सीसीची फोर-स्ट्रोक गाडी घेऊन उतरला आणि पहिला आला. सुपरक्रॉसची मुख्य शर्यत फोर-स्ट्रोक गाडीने जिंकल्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी तशी गाडी दुकानात विकायला आली. मग एकेक करून सगळे तिकडे वळले. मोठ्या गटात वर्षभराचे अजिंक्यपद टू-स्ट्रोकवर शेवटचे मिळाले ते २००५ साली, रिकी कारमायकेल याला. २००६ साली त्यानेच ते पुन्हा मिळवले, पण ४५० सीसीच्या फोर-स्ट्रोकवर.

इंजिन बदलले तशी वाटेची किंमतही बदलली. जी उडी पूर्वी चार-पाच जणांनाच जमे, ती आता पहिल्याच फेरीत सगळे मारू लागले. मग पुढे-मागे होणार कसे? तेव्हा वाट आखणाऱ्यांवर अवघड काम आले. उंचवटे वाढवावे तर पडणारा अधिक उंचावरून पडतो, आणि त्याच्या मागोमाग शंभर किलोंहून जड गाडी येते. वळणे आवळावी तर मागच्याला पुढे जायला जागा राहत नाही. काही ठिकाणी मध्येच वाळूचा पट्टा टाकतात. वाळूत वेग आपोआप मोडतो. आम्हाला हा उपाय बरा वाटतो. अपघात झाला की लोक इंजिनाला दोष देतात. पण इंजिन काही उंचवटा बांधत नाही. तो माणूसच बांधतो, आणि दोन हात अलीकडे की पलीकडे हेही तोच ठरवतो.

डग हेन्री २००७ साली दुसऱ्या एका प्रकारच्या शर्यतीत पडला. त्याचे कमरेखालचे अंग लुळे पडले. तरी पुढे खास बांधून घेतलेल्या गाडीवर तो पुन्हा बसला.

हा खेळ आपल्याकडेही आला आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात अशीच माती रचून सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या. देशोदेशीचे स्वार आले होते. तेथेही वरचा गट होता तो ४५० सीसीचाच.