डाळिंबाचा रस

आमचे तळा गाव तळगडाच्या पायथ्याशी वसले आहे. येथे आंबा, फणस पिकतो. डाळिंब मात्र घाटावरून येते. त्याला कोरडी हवा मानवते, कोकणचा पाऊस सोसत नाही. सोलापूरच्या डाळिंबाला तर 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

एकदा माझी आई तापातून नुकतीच उठली होती. अन्न जात नव्हते. मी दोन डाळिंबे सोलली आणि दाणे मिक्सरमध्ये भरभर फिरवले. आईने एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. "अरे, हा रस की काढा?" ती म्हणाली.

चूक माझीच होती. मुलांनो, डाळिंबाच्या रसाळ गरात कठीण बी असते. ती भरडली गेली की रस कडवट होतो. सालीत व पांढऱ्या पापुद्र्यात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. म्हणून अर्धे फळ सालीसकट दाबणारे यंत्रही जपूनच वापरावे लागते. यंत्र घेताना ते किती वेगाने फिरते हे पाहू नये. बी अखंड राहते की नाही, हे पाहावे. पेलाभर रसासाठी तर धुतलेले मलमलीचे फडके आणि आपले हात पुरेत. रस आंबट असतो, तेव्हा तो बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी मी दाणे फडक्यात बांधून हलकेच पिळले. पेला निम्माच भरला. आईने तो रिकामा करून पुन्हा माझ्यापुढे धरला.