रोगाची भीती आणि परका माणूस



गळीत हंगाम आला की बीड-जालन्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. गावात चार जणांना हगवण लागली की पारावर लगेच बोलणे निघते, "टोळीवाल्यांनीच आणली असणार!" हे बोलणे येते कुठून, ते आपण पाहू.

रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून मन खुणा शोधते : खोकला, पुरळ, घाण वास. त्यापासून लांब राहण्याची बुद्धी उपजतच असते, आणि ती हिताची आहे. पण घाबरलेले मन वेगळी बोली, वेगळा पेहराव हीसुद्धा रोगाचीच खूण धरते. कॅनडात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोगजंतूंची चित्रे पाहिलेल्या विद्यार्थ्यांचा कल अनोळखी देशांतल्या लोकांपेक्षा ओळखीच्या देशांतल्यांना येऊ द्यावे, असा दिसला. उलट २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व भारतातील लोकांवरच्या अभ्यासात लोक आजाऱ्यापासून लांब सरले. तो आपला की परका, याने फरक पडला नाही. म्हणजे परक्याचा तिटकारा काही अटळ नाही.

खूण चुकली की उपायही चुकतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढे रेल्वेच्या उतारूंच्या तपासण्या सुरू झाल्या, घरे धुंडाळली गेली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे सायमंड यांनी १८९८ साली दाखवले.

२०२० च्या टाळेबंदीत लाखाहून अधिक तोडणी कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकले. एप्रिलमध्ये शासनाने तपासणी करून त्यांना परत जाऊ दिले. त्या दिवसांत कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या. बाहेरून येणारा गावचाच असला, तरी तो परका! परकेपण असे भीतीतून तयार होते.

आता हगवणीचे बघा. ती बहुधा दूषित पाण्यातून, अन्नातून येते. तोडणीवाल्याला कालव्याचे पाणी प्यायला लावायचे आणि आजारी पडला की त्यालाच नावे ठेवायची, हा कुठला न्याय? शिवाय बोल लागेल म्हणून तो आजार लपवतो, दवाखान्यात उशिरा जातो, आणि साथ आपल्याही दारी येते.

तेव्हा खोप्यांवर टीसीएल टाकलेले पाणी पुरवावे, संडासाची सोय करावी, पोरांना लसी द्याव्यात. भीती वाटली तर आधी विहीर तपासू, माणसाला नंतर विचारू, आणि तेही "बरं आहे ना?" म्हणून.