ग्राहकाचा शब्द

पूर्वीं वाण्याच्या दुकानांतून आणलेल्या डाळींत खडे निघाले, तर ती वार्ता आळींतल्या चार घरीं पोंचत असे. फार झालें तर आठवड्याच्या बाजारांत. वाण्यास तेवढ्याचीही भीति वाटे, कारण तींच चार घरें त्याचीं गिऱ्हाइकें. मोठ्या कारखानदाराची गोष्ट निराळी. त्याची जाहिरात वर्तमानपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून लाखों लोकांपुढें जाई, आणि एखाद्या असंतुष्ट गृहिणीचें पत्र कचेरींतल्या टोपलींत पडून राही. आंतरजालानें या दोन आवाजांतलें अंतर किती कमी केलें आहे, हें आम्ही पुष्कळ घरांच्या फळीवर असणाऱ्या एका डब्यावरून दाखवूं इच्छितों.

हा डबा बोर्नव्हिट्याचा. ती भुकटी दुधांत घालून मुलांस देण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. एप्रिल २०२३ मध्यें रेवंत हिमतसिंगका या तरुणानें समाजमाध्यमावर एक लहानशी चित्रफीत प्रसिद्ध केली. डब्यावरीलच मजकूर त्यानें लोकांपुढें मांडला, आणि एवढी साखर असलेल्या पेयास आरोग्यदायी कसें म्हणावें, असा प्रश्न केला. थोड्याच दिवसांत ती फीत एक कोटीहून अधिक वेळां पाहिली गेली.

कंपनीनें कायदेशीर नोटीस धाडली. कोर्टकज्जा आपणांस झेपणारा नाहीं असें सांगून त्या तरुणानें क्षमा मागितली व फीत काढून टाकली. जुना काळ असता तर प्रकरण येथेंच मिटतें. परंतु तोंवर ती असंख्य लोकांच्या हातीं गेली होती, आणि नोटिशीच्या बातमीनें ज्यांनीं ती पाहिली नव्हती त्यांनाही ती पाहावीशी वाटूं लागली. त्याच महिन्यांत राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानें दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व वेष्टनें मागें घेण्याविषयीं कंपनीस लिहिलें. वर्षअखेरीस भुकटींत वरून घातलेली साखर सुमारें एकसप्तमांशानें कमी झाली. एप्रिल २०२४ मध्यें केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानें आंतरजालावरील विक्रेत्यांस असलीं पेयें ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरांतून काढण्यास कळविलें. कारण अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यांत अशा पेयाची व्याख्याच नाहीं.

आतां कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. तिचें म्हणणें असें कीं, एका वेळीं २० ग्रॅम भुकटी घ्यावयाची, आणि तींत वरून घातलेली साखर साडेसात ग्रॅम, म्हणजे सुमारें दीड चमचा. हा हिशेब खरा आहे. शंभर ग्रॅमांत वरून घातलेली साखर सुमारें ३७ ग्रॅम होती, हाही खरा. आमच्या मतें घरांतला हिशेब या दोहोंहून निराळा असतो. चमचा सपाट कीं शिगोशीग? पेला दिवसांतून एक कीं दोन? आणि आई वरून साखर घालते कीं नाहीं? दोन पेले आणि प्रत्येकांत वरून एक चमचा साखर धरली, तर बेरीज २५ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसानेंही दिवसभरांत शक्यतों एवढ्याहून कमी साखर घ्यावी असें सुचविते. आणि येथें तर मुलाच्या ताटांत अजून पोळीही पडलेली नाहीं.

त्या चित्रफितींत आणखी एक गोष्ट होती. भुकटींतील रंगद्रव्यापासून कर्करोगाचा धोका आहे, असेंही तींत सुचविलें होतें. कंपनीनें, सर्व घटक मान्यताप्राप्त व ठरलेल्या मर्यादेंतले आहेत, असें उत्तर दिलें. साखरेचा आंकडा डबा हातीं घेऊन कोणासही पडताळून पाहतां येतो. कर्करोगाचें विधान तसें पाहतां येत नाहीं. एकाच तोंडून निघालेल्या या दोन विधानांस एकाच तराजूंत घालणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

लाखोंपर्यंत पोंचणारा शब्द विकतही घेतां येतो, हा या प्रकरणाचा दुसरा भाग. वस्तूखालीं दिसणारे तारे व स्तुतीचे अभिप्राय कित्येकदां पैसे देऊन लिहविलेले असतात. म्हणून भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ मध्यें ग्राहकांच्या अभिप्रायांकरितां आय. एस. १९००० हें मानक काढलें. तें पाळणें मात्र ऐच्छिक ठेवलें. पैसे किंवा भेटवस्तु घेऊन मालाची शिफारस करणाऱ्यानें तसें उघड सांगितलें पाहिजे, अशी सूचना जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें दिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख, व पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पण खोट्या निंदेचा मार लहान खानावळवाल्यास अधिक बसतो. मोठ्या कंपनीजवळ वकील असतात. त्याच्याजवळ फक्त उद्यांचें गिऱ्हाईक असतें.

तेव्हां कोणाचीही फीत पाहून स्वयंपाकघरांतला डबा फेकण्यापूर्वीं तो उलटा करून पाहावा. मागें दोन रकाने असतात, एक शंभर ग्रॅमांचा व एक एका वेळच्या मात्रेचा. अक्षरें फार बारीक असतात. पालकांस चष्मा सांपडला नाहीं, तर त्यांनीं तीं मुलांकडून वाचवून घ्यावीं.