जिन्यावरील दिवा व त्याचीं दोन बटणें

साताऱ्यांतील जुन्या वाड्यांचे जिने आपणांस परिचित आहेत. दोन जाड भिंतींमधून वर गेलेला, उभ्या चढणीचा व दिवसाहि अंधारा असा तो मार्ग असतो. सांगलीच्या नव्या बंगल्यांत जिना रुंद झाला, तरी रात्रींची अडचण तीच. खालीं दिवा लावून वर गेल्यावर तो मालवावयास पुन्हा खालीं कोण येणार? यासाठीं एकाच दिव्यास दोन बटणें, एक खालीं व एक वर, बसवितात. या जोडणीची रचना समजून घेणें हा प्रस्तुत पाठाचा एक हेतु होय. तींत दडलेला धोका ओळखणें हा दुसरा व अधिक महत्त्वाचा.

साध्या बटणास दोन टोंकें असतात. जिन्याच्या बटणास तीन असतात. म्हणून अमेरिकेंत त्यास थ्री-वे म्हणतात. आपल्याकडे टू-वे हें नांव रूढ आहे, कारण सामाईक टोंकाशीं आलेली वीज तें दोन वाटांपैकीं एकीवर लावून देतें. मिरज जंक्शनांत रुळांचा सांधा बदलून गाडी या किंवा त्या मार्गास वळवितात, तसाच हा प्रकार आहे.

आतां जोडणी पाहूं. फेजची तार खालच्या बटणाच्या सामाईक टोंकास येते. त्याचीं उरलेलीं दोन टोंकें वरच्या बटणाच्या तशाच दोन टोंकांस दोन तारांनीं जोडलेलीं असतात; त्यांस आपण जोडतारा म्हणूं. वरच्या बटणाच्या सामाईक टोंकापासून तार दिव्यास जाते, आणि दिव्याचें दुसरें टोंक न्यूट्रलला मिळतें. दोन्ही बटणांनीं एकच जोडतार निवडली म्हणजे वाट पुरी होऊन दिवा लागतो. भिन्न तारा निवडल्या म्हणजे वाट तुटून तो विझतो. कोणतेंहि एक बटण दाबलें कीं मेळ असल्यास मोडतो व मोडलेला असल्यास जुळतो. सारी युक्ति एवढीच.

परंतु याच युक्तींत धोका आहे. या बटणांस चालू व बंद अशी निश्चित स्थिति नसते. त्यांच्याकडे पाहून कांहींच कळत नाहीं. शिवाय दिवा विझलेला असतांहि दोन जोडतारांपैकीं एक फेजला जोडलेलीच असते. दिवा मालवला, आतां बटण उघडण्यास हरकत नाहीं, असें समजणारा मनुष्य २३० व्होल्टच्या तारेस हात घालतो. ४० वॅटच्या जुन्या दिव्यांतून सुमारें १७४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो; आणि जीव वाचविण्यासाठीं घरांत बसवितात ती आर.सी.सी.बी. नांवाची कळ ३० मिलिअँपिअर गळतीसच वीज तोडण्याच्या बेताची केलेली असते. यावरून किती थोडा प्रवाह घातक ठरतो तें ध्यानीं यावें.

याहून वाईट अशी एक जोडणी तार वांचविण्याच्या लोभानें केली जाते. तींत प्रत्येक बटणाशीं फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा आणतात. मग दोन्ही बटणें फेजकडे वळलीं असतां दिवा विझतो खरा, पण त्याचीं दोन्ही टोंकें फेजलाच जोडलेलीं राहतात. दिवा बदलावयास होल्डरांत हात घालणाऱ्यास याची कल्पनाहि नसते. अशी जोडणी घरांत कदापि ठेवूं नये.

पालकांनीं पुढील नियम पाळावे. बटणांतून फेजच न्यावी, न्यूट्रल कधींहि नेऊं नये. तांबडी तार फेजची, काळी न्यूट्रलची व हिरवी अर्थिंगची, हा संकेत मोडूं नये. दुरुस्तीपूर्वीं मेन स्विच बंद करावा. इन्व्हर्टर असल्यास तोहि बंद करावा, कारण मेन बंद असतांहि जिन्याच्या दिव्यास त्याची वीज मिळत असूं शकते. मग टेस्टर प्रथम दुसऱ्या चालू जागीं तपासून तारेस लावावा, व नंतर तो पुन्हा चालू जागीं पाहावा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावें. सांगलीकरांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी: २००५, २०१९ व २०२१ सालीं कृष्णेचा पूर वस्तींत शिरला होता. अशा पुरानंतर भिंत वरून सुकली तरी आंतील पेटी ओली राहते. जाणकारानें तपासल्यावांचून मेन चालू करूं नये.

विद्यार्थ्यांनीं घरच्या बटणास हात न लावतां हा प्रयोग करावा. दीड व्होल्टचे दोन सेल, बॅटरीचे दोन लहान दिवे, पुठ्ठा, सहा टांचण्या, पत्र्याच्या दोन पट्ट्या व थोडी तार घ्यावी. तीन टांचण्यांवर फिरणाऱ्या एकेका पट्टीचीं दोन बटणें करून वरीलप्रमाणें एक दिवा जोडावा. तो विझला म्हणजे दुसऱ्या दिव्याचें एक टोंक सेलच्या परतीच्या तारेस व दुसरें क्रमानें एकेका जोडतारेस लावावें. एका तारेवर तो खचित पेटेल. अंधार म्हणजे निर्धोकपणा नव्हे, हें त्या इवल्याशा उजेडांत ज्यानें एकदां पाहिलें, तो मोठेपणीं मेन बंद केल्यावांचून बटण उघडणार नाहीं.