गोचिडांमुळे कुत्र्यांना होणाऱ्या रोगाचे निदान

शेताची राखण करणारा किंवा मेंढरांमागे फिरणारा कुत्रा अकस्मात खाणे सोडून पडून राहतो, तेव्हा ‘ऊन लागले असेल’ असे समजून मालक स्वस्थ बसतो. दोन-चार आठवड्यांत कुत्रा पुन्हा हिंडू लागला की ही समजूत पक्की होते. परंतु काही महिन्यांनी त्याच्या नाकातून रक्त वाहू लागते, आणि तेव्हा पुष्कळदा उपाय हाती राहत नाही. म्हणून या रोगाचे निदान वेळीच होणे अगत्याचे आहे.

रोगाचे कारण : एर्लिकिया कॅनिस या जीवाणूमुळे हा रोग होतो. १९३५ साली अल्जीरियात तो प्रथम ओळखला गेला. तपकिरी गोचीड रोगी कुत्र्याचे रक्त पितो व पुढील अवस्थेत दुसऱ्या कुत्र्यास चावून रोग देतो. जीवाणू रक्तातील पांढऱ्या पेशींत वाढतात.

लक्षणे : गोचीड चावल्यावर साधारणतः ८ ते २० दिवसांनी ताप येतो, भूक मंदावते व गाठी सुजतात. नंतर लक्षणे मावळतात. मात्र रोग शरीरात दडून राहू शकतो. काही कुत्र्यांत तो पुढे उलटतो. तेव्हा हिरड्या पांढुरक्या पडतात, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उठतात, नाकातून रक्त येते व जनावर खंगते. अंगावर गोचीड दिसला नाही, एवढ्यावरून रोग नाही असे मानू नये. तो रक्त पिऊन केव्हाच गळून पडलेला असतो.

रक्ततपासणी : औषध सुरू करण्यापूर्वीच रक्ताचा नमुना घ्यावा. रक्त गोठविणाऱ्या बिंबिका घटलेल्या आढळल्यास संशय बळावतो. कानाच्या टोकाच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पांढऱ्या पेशीत जीवाणूंचा पुंजका कधी कधी दिसतो. परंतु तो न दिसल्याने रोग नाही असे ठरत नाही. प्रतिपिंडांची चाचणी रोगसंसर्ग झाल्याचे सांगते, पण बरे झाल्यावरही ती महिनोन्‌महिने होकारार्थी राहते. म्हणून लक्षणे व बिंबिकांची संख्या यांसह तिचा अर्थ लावावा. पीसीआर चाचणीने जीवाणूंचा अंश थेट सापडतो. गोचिडांपासूनच होणारा बॅबेसिया हा रोगही सोबत असू शकतो. त्याचे औषध निराळे असल्याने तोही तपासून घ्यावा.

उपचार : पशुवैद्यकाच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन साधारणतः २८ दिवस देतात. कुत्रा थोड्याच दिवसांत तरतरीत दिसू लागला तरी औषध मध्येच बंद करू नये. माणसांची तापावरील औषधे मनाने देऊ नयेत; काहींमुळे रक्तस्राव वाढतो.

गोचीड भिंतींच्या भेगांत अंडी घालतो. यास्तव कुत्र्याबरोबर त्याची बसण्याची जागाही गोचीडमुक्त ठेवावी. पशुपालक बंधूंनी दर आठवड्यास कुत्र्याचे कान, बोटांमधील बेचक्या व हिरड्या पाहण्याचा परिपाठ ठेवल्यास राखणीचा हा इमानी सोबती अकाली गमावण्याची वेळ सहसा येणार नाही.