पाटीवर साप एक की दोन?

प्रश्न : निपाणीहून दवाखान्याच्या कामाने बेळगावला जाणं होतं. कुठल्या पाटीवर काठीला गुंडाळलेला एक साप असतो, कुठे दोन साप आणि वर पंख. खरं चिन्ह कोणतं? आपल्या पिंपळाखालच्या नागशिळेवरही दोन नाग असतात. त्यांचं काही नातं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : वैद्यकाचा साप एकच. ती काठी ग्रीकांच्या आरोग्यदेवाची, अपोलोपुत्र अस्क्लेपियसची. एपिडॉरसच्या त्याच्या ठाण्यात रोगी रात्री मुक्कामाला येत. देव स्वप्नात येऊन उपाय सांगतो, अशी श्रद्धा. तिथे बिनविषारी साप मोकळे फिरत. साप कात टाकून नवा होतो, म्हणून तो बरं होण्याची खूण ठरला, असं सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये बोधचिन्हात हाच एक साप घेतला.

दोन सापांची पंखवाली काठी हर्मिसची. हा देवांचा जासूद. व्यापारी, वाटसरू, इतकंच काय, चोरांचाही पाठीराखा. शिवाय मेलेल्यांना पाताळात पोचवण्याचं कामही त्याच्याकडेच! दवाखान्याच्या दारावर हे जरा अवघडच. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये हे चिन्ह घेतलं आणि घोटाळा पुष्कळ पसरला.

आता आपली नागशिळा. पाराशेजारच्या शिळेवर एकमेकांत गुंफलेले दोन नाग, काहींवर वेटोळ्यांच्या मधे छोटं शिवलिंग, वर हळदकुंकवाचे थर. मूल व्हावं म्हणून नवस बोलून जोडपी अशा शिळा बसवतात. कर्नाटकात ही चाल जुनी आहे. हर्मिसशी तिचं नातं सांगणारा पुरावा नाही. पण दोन्हीकडे पाहिलेलं दृश्य एकच असावं. पावसाळ्याच्या तोंडाला बांधावर दोन धामणी पीळ घालून उभ्या राहतात. लोक म्हणतात, जोडी लागली. खरं तर ते बहुतेक वेळा दोन नर असतात आणि मादीवरून त्यांची झोंबी चाललेली असते. ग्रीक कथेत हर्मिसने भांडणाऱ्या दोन सापांमध्ये काठी घातली आणि ते शांत झाले. म्हणून ती तहाची खूण. त्यांनी भांडण पाहिलं, आपण संसार पाहिला. निरीक्षणात ग्रीक सरस ठरले, एवढं मान्य करायला हवं.

थोडक्यात, पाटीवर पंख दिसले तर तो हर्मिस समजा. डॉक्टर मात्र चिन्हावरून नव्हे, पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहूनच निवडा.