नातेवाइकाचं मूल घरी ठेवताय? गोवंडीतल्या कुटुंबांसाठी खर्चाचा आणि हक्काच्या पैशांचा हिशेब

शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर या वस्त्यांत ही गोष्ट नवी नाही. बाप तुरुंगात, आई क्षयाने अंथरुणाला खिळलेली आणि पोरं नानीच्या दहा बाय पंधराच्या खोलीत. किंवा घरात दारूवरून रोजची मारहाण, म्हणून मावशी भाचीला आपल्याकडे घेऊन येते. कागद कुणी करत नाही आणि खर्च मात्र मूल ज्याच्या घरी आलं त्याच्या माथी बसतो.

या मुलांसाठी सरकारकडून दरमहा २,२५० ते ४,००० रुपये मिळू शकतात. अर्जाला किंवा आदेशाला फी नाही, वकील लागत नाही. पण पैसे हातात यायला वेळ लागतो आणि मधले महिने स्वतःच्या खिशातून काढावे लागतात. म्हणून आधी हिशेब, मग होकार.

तुमचं मूल कोणत्या योजनेत बसतं?

१) बालसंगोपन (क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना). ही राज्याची योजना. रक्कम महिन्याला २,२५० रुपये, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. २०२३ पूर्वी हीच रक्कम १,१०० होती. अनाथ मुलं, एकच पालक असलेली मुलं, घटस्फोट किंवा तीव्र कुटुंबकलहात सापडलेली, आईवडील तुरुंगात किंवा गंभीर आजारी असलेली मुलं यात बसतात. मूल आईजवळच राहत असेल तरीही अर्ज करता येतो, हे अनेकांना माहीत नसतं.

२) प्रायोजकत्व, म्हणजे बोलीभाषेत स्पॉन्सरशिप. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मधून महिन्याला ४,००० रुपये. विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेल्या आईची मुलं, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं, जीवघेण्या आजाराने किंवा अपघाताने खचलेल्या पालकांची मुलं यांच्यासाठी. शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला आठ हजार.

३) प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर. इथेही ४,००० रुपये, पण हे मूल जन्मदात्यांच्या घराबाहेर, बाल कल्याण समितीने पारखून निवडलेल्या कुटुंबात ठेवलं जातं. बालगृहातलं परकं मूल घरी आणायचं असेल तर हाच रस्ता.

एका मुलासाठी बालसंगोपन आणि प्रायोजकत्व दोन्ही एकदम मिळत नाहीत. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर आधी चार हजारांचं विचारा.

कागद आणि त्यांचा खर्च

मुलाचं व पालकाचं आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या नावाचं बँक खातं आणि परिस्थितीचा पुरावा. हा पुरावा म्हणजे मृत्यूचा दाखला, रुग्णालयाचे कागद, तुरुंगाचं पत्र किंवा कोर्टाची कागदपत्रं. बालसंगोपनाच्या अर्जाला घरासमोर काढलेला कुटुंबाचा फोटोही जोडावा लागतो.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गोवंडीकर कुर्ला तालुक्यात येतात आणि तहसील कार्यालय मुलुंडला आहे. अर्ज ‘आपले सरकार’ केंद्रातून करा आणि फलकावर लिहिलंय तेवढंच शुल्क द्या. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं, त्यामुळे कुणी स्टॅम्पपेपर आणायला सांगितलं तर का ते विचारा. बँकेत शून्य शिलकीचं खातं मागा आणि ते आधारला जोडून घ्या. खातं जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

अर्ज जातो मुंबई उपनगरच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. हे कार्यालय चेंबूरला आर. सी. मार्गावरच्या प्रशासकीय इमारतीत आहे. आदेश देते बाल कल्याण समिती, जिला सगळे सीडब्ल्यूसी म्हणतात. ती बसते गोवंडीहून एकच स्टेशन पुढे, मानखुर्दला, १९२७ साली स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीच्या बालगृहाच्या आवारात. कायद्याने समितीला महिन्यातले किमान वीस दिवस बसावं लागतं.

लोकलचं भाडं किरकोळ आहे. खरा खर्च बुडालेल्या रोजाचा. नाक्यावर किंवा जरीकामावर दिवसाला पाचशे मिळत असतील तर चार खेपांचे दोन हजार गेले. म्हणून मुलुंड आणि चेंबूरची कामं शक्य तितकी एका दिवशी उरका आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स जवळ ठेवा. अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

महिन्याला किती लागतात?

समजा नऊ वर्षांचं मूल आहे आणि पालिकेच्या शाळेत जातं. हे आकडे अंदाजी आहेत, तुमचे घालून पाहा.

दूध रोज अर्धा लिटर: ९०० रुपये
भाजी, अंडी, डाळ, तेल: १,५००
शिकवणी: ४००
कपडे, साबण, खाऊ: ४००
औषधपाणी: २००
पाणी आणि विजेचा वाढीव भार: २००
एकूण: ३,६००

बालसंगोपनाचे २,२५० वजा केले तर दरमहा १,३५० कमी पडतात. प्रायोजकत्वाचे चार हजार मिळाले तर खर्च जेमतेम भागतो. मूल कॉन्व्हेंटमध्ये असेल तर हा तक्ता फी आणि व्हॅनच्या पैशांनीच मोडतो.

पालिकेच्या शाळेत फी नाही, आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं आणि गणवेश, दप्तर, वह्यांसह २७ शालेय वस्तू मोफत मिळतात. रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मोफत. मात्र मुलाचं नाव आईबापाच्या कार्डावरून कमी करून तुमच्या कार्डावर चढवावं लागतं. समितीचा आदेश हातात असला की हे काम सोपं जातं. आईला किंवा बापाला क्षय असेल तर उपचार मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला महिन्याला १,००० रुपये मिळतात. ते पैसे मुलाच्या नावाचे नाहीत, पण त्या घरावरचा भार हलका करतात. पोर आईकडे लवकर परतावं अशी इच्छा असेल तर हेही पाहा.

पहिले सहा महिने खिशातून

समितीपुढे प्रकरण गेल्यावर सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असं २०१५चा बाल न्याय कायदा सांगतो. त्यानंतर निधी यायचा. अनुदान दर एक तारखेला जमा होत नाही. आलं की काही महिन्यांचं एकदम येतं. म्हणून सहा महिन्यांची तजवीज धरा: ३,६०० गुणिले सहा म्हणजे २१,६००. अंथरूण, कपडे, चप्पल असा सुरुवातीचा खर्च ३,०००. कागद आणि बुडालेले रोज २,५००. मिळून २७,१०० रुपये. एवढे एकटीला पेलत नसतील तर भावंडांत आधीच वाटणी ठरवा. ‘बघू पुढे’ म्हणून आणलेलं मूल चौथ्या महिन्यात दुसऱ्या घरी जातं आणि शाळा पुन्हा सुटते.

परकं मूल आणायचं असेल तर

२०२४च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी दार थोडं रुंद झालं आहे. अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तीही आता प्रतिपालक होऊ शकते. एकटीला मुलगा किंवा मुलगी कुणीही मिळू शकतं, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. एकट्या व्यक्तीचं वय किमान ३५, जोडप्याचं मिळून किमान ७० आणि संसार किमान दोन वर्षांचा. सहा वर्षांवरची मुलं या मार्गाने येतात. नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते. त्यानंतर घरभेट होते आणि घरातल्या सगळ्यांचे आरोग्य अहवाल मागतात. त्यात एचआयव्ही आणि क्षयाच्या तपासण्या सरकारी व पालिका रुग्णालयांत मोफत होतात.

हे दत्तक नव्हे. समितीने मनाई केली नसेल तर जन्मदाते भेटायला येऊ शकतात आणि घर सावरलं तर मूल परत जातं. मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं झालं, तर दोन वर्षांनी त्याच कुटुंबाला दत्तक घेण्याची वाट आहे. चार हजारांत घरखर्च भागेल या हिशेबाने कुणी यात पडू नये.

इथे पैसे देऊ नका

‘सीडब्ल्यूसीत ओळख आहे, पाच हजार द्या’ म्हणणारा दलाल आहे. नोटरीकडे मूल ‘लिहून घेणं’ याला कायद्यात किंमत नाही. उलट रीतसर मार्ग सोडून मूल दत्तक देणं-घेणं याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पैसे देऊन मूल घेतलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड. बेवारस मूल सापडलं तर चोवीस तासांत कळवणं बंधनकारक आहे. त्यासाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे. ही सेवा १९९६मध्ये देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने मुंबईतच सुरू झाली. आता ती सरकार चालवतं.

कामाचा क्रम

आधी १०९८वर किंवा मानखुर्दच्या समितीपुढे मुलाची नोंद करा. मग बोनाफाईड आणि बँक खातं, मग उत्पन्नाचा दाखला, मग चेंबूरला अर्ज. मंजुरी मिळाली की आदेशाची तारीख कॅलेंडरवर लिहा, कारण बालसंगोपनाची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागते. शाळेचं नवं बोनाफाईड जून-जुलैतच काढून ठेवा. मुदत चुकली की त्या मुलाचा हप्ता थांबतो आणि पुन्हा तुमच्याच खिशावर येतं.